कृपेवर विसंबून राहायचं म्हणजे सकाळी उठून नेमकं काय करायचं?

सावेडी_रोड

जय ख्रिस्त मंडळी.

कृपेवर विसंबून राहा, असं आपण दर रविवारी ऐकतो. बायबल स्टडीत तेच, कुणाच्या दुःखाला भेटायला गेलं तरी तेच. बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या पत्रातलं "माझी कृपा तुला पुरे आहे" हे वचन आमच्या हॉलमध्ये फ्रेम करून लावलंय. माझा प्रश्न मात्र हॉलला लागून असलेल्या खोलीतला आहे.

पक्षाघातानंतर सासूबाई अंथरुणावर आहेत. उजवी बाजू गेली, बोलणं अर्धवट. मी शाळेत शिकवते, यजमान पुण्याला नोकरीला, शनिवारी रात्री येतात. दिवसा शेजारच्या मावशी बसतात, रात्र माझी. कूस बदलायला, कपडे बदलायला रात्रीतून दोन-तीनदा उठावं लागतं. सकाळी साडेसहाला पोळ्या लाटताना डोळ्यांवर झापड असते आणि जिभेवर धार. प्रार्थना करते, मनापासून करते, तरी आठ वाजेपर्यंत मुलावर ओरडून झालेलं असतं.

रात्रीपुरती ब्यूरोची, म्हणजे रुग्ण सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या संस्थेची, बाई ठेवायचा विचार महिला मंडळात बोलून दाखवला. तिथल्या एका ज्येष्ठ बाई म्हणाल्या, "पैसे देऊन माणूस आणायचं म्हणजे देवाची कृपा पुरत नाही असंच म्हणणं झालं की." ते वाक्य मनातून जात नाहीये.

तर कृपेवर विसंबणारा माणूस सोमवारी सकाळी साडेसहाला वेगळं काय करतो? अनुभव सांगा, वचनं सांगा, वाद घातलात तरी चालेल.

हिशेबनीस

बाई ठेवा. आज फोन करा. बाकीचं त्यानंतर बोलू.

उमराळे

जय येशू. मी वसईची, कॅथलिक. आमच्याकडे धर्मशिक्षणात लहानपणीच दोन गोष्टी शिकवतात. एक कृपा बाप्तिस्म्यात मिळते आणि जिवात वस्तीला येते, ती देवाचं जीवनच आपल्यात आणते. दुसरी त्या त्या क्षणाला लागणारी मदत. जीभ आवरायला, उठायला, क्षमा करायला. साडेसहाची कृपा ही दुसरी. ती रात्री झोपताना साठवून ठेवता येत नाही, साडेसहालाच मागायची असते.

माझी आई उठल्या उठल्या, अजून पाय जमिनीला टेकायचे असताना, दिवस देवाला अर्पण करायची. "आजचं काम, आजचा त्रास, आजचा आनंद, सगळं तुझं." झालं. लांबलचक काही नाही. मग गाईचं शेण काढायला जायची.

आणि फ्रान्समधल्या लिझ्यूच्या मठातली संत तेरेसा आठवा. ती चोवीस वर्षांची असताना 1897 मध्ये क्षयाने गेली. मठात एक म्हातारी सिस्टर होती, दुखणाईत आणि फार किरकिरी. संध्याकाळी तिला प्रार्थनामंदिरातून जेवणघरात न्यायचं काम तेरेसाने मागून घेतलं होतं. सावकाश नेलं तर ती म्हणायची उशीर होतोय, भरभर नेलं तर म्हणायची पाडशील मला. धरलं तरी चुकलं, सोडलं तरी चुकलं. तेरेसा तिला बसवायची, बाह्या दुमडून द्यायची. हातांच्या दुखण्यामुळे तिला पाव मोडता येत नाही हे लक्षात आल्यावर तोही कापून द्यायची, आणि निघताना हसायची. आमच्या फादरांनी एकदा उपवासकाळाच्या प्रवचनात हे सांगितलं, तेव्हापासून घरात म्हातारं माणूस सांभाळणाऱ्या प्रत्येकीला मी हे सांगते. संतपण त्या पावाच्या तुकड्यात होतं.

पुणे_कॅम्प

@उमराळे, आईची प्रार्थना फार आवडली. पण एक शंका. तुमच्याकडे कृपा संस्कारांतून येते म्हणतात. म्हणजे मिस्सा, कन्फेशन, ख्रिस्तप्रसाद. सावेडीताई तर रविवारीही घराबाहेर पडू शकत नसतील. मग त्यांना कृपा कमी? आम्ही प्रॉटेस्टंट म्हणतो कृपा केवळ विश्वासाने, कर्माने नाही. इफिसकरांच्या पत्रात दुसऱ्या अध्यायात स्पष्ट आहे, कुणी आढ्यता बाळगू नये म्हणून.

उमराळे

@पुणे_कॅम्प, कमी नाही. संस्कार देवाने आपल्यासाठी दिले, स्वतःला बांधून घ्यायला नाही. जो येऊ शकत नाही त्याच्याकडे ख्रिस्तप्रसाद घरी नेतात. आमच्या धर्मग्रामात ते नेणारे सेवक आहेत. आजाऱ्यांना तेल लावण्याचा संस्कार तर खाटेपाशीच होतो.

आणि कर्माने तारण असं आम्हीही म्हणत नाही हो! ट्रेंटच्या परिषदेने, म्हणजे आमच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, 1547 मध्ये या विषयावर जे नियम केले त्यातला पहिलाच नियम असा, की ख्रिस्ताच्या कृपेवाचून केवळ स्वतःच्या कर्मांनी माणूस देवापुढे नीतिमान ठरतो असं जो म्हणेल तो शापित असो. लोक दुसऱ्या नियमापर्यंत वाचतच नाहीत, आणि पहिलाही नाही.

केडगाव_लाइन

याच मुद्द्यावर लुथरन आणि कॅथलिक यांनी 31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीत आउग्सबुर्गला संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. तारण केवळ कृपेने, आपल्या गुणावर नाही, आणि तीच कृपा माणसाला सत्कर्मांसाठी उभं करते, एवढ्यावर दोघांचं एकमत झालं. 2006 मध्ये मेथडिस्टही त्यात आले. सगळे मतभेद संपले असं नाही, पण चारशे-साडेचारशे वर्षांच्या भांडणानंतर हे फार मोठं आहे. तेव्हा इथे पुन्हा ट्रेंट भरवू नका, सावेडीताईंचा प्रश्न बाजूला पडेल.

त्यांच्या प्रश्नाला मला रमाबाई आठवतात. केडगावला राहणाऱ्याला त्या आठवणारच. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 चा, इंग्लंडमधला. पण त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय, की त्यानंतर कितीतरी वर्षं ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. धर्माचं सगळं करत होत्या, आणि ओझं मात्र त्यांच्याच डोक्यावर होतं. ते उतरलं साधारण 1891 च्या सुमारास. त्यानंतर त्या बसून राहिल्या का? उलट खरं काम त्यानंतरचंच. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली, विधवा घेऊन आल्या. ज्या बाईचे स्वतःचे आईवडील दुष्काळात गेले होते तिने हे केलं. केडगावच्या माळावर त्यांचं मुक्ती मिशन उभं राहिलं. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना. प्रार्थना पहाटे आणि दिवसभर काम. पैशासाठी देवावर विसंबायच्या आणि विहिरीसाठी पहार लावायच्या, दोन्ही एकाच दिवशी.

कृपेवर विसंबलेला माणूस कमी काम करतो असं मी कुठे पाहिलेलं नाही. पौलच सांगतो ना, मी सगळ्यांपेक्षा जास्त श्रम केले, पण ते मी नव्हे, माझ्याबरोबर असलेल्या देवाच्या कृपेने केले.

नवी_पहाट

प्रेझ द लॉर्ड. मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नये. आपण सगळे सांभाळण्याची कृपा मागतोय. बरं होण्याची का मागत नाही? माझ्या भावाला डॉक्टरांनी सांगितलं होतं चालणार नाही. मंडळीने उपास-प्रार्थना केली, आज तो चालतो. सासूबाईंसाठी चिकाटीने मागा ताई. कृपा म्हणजे निभावणं एवढंच नाही.

एकेक_दिवस

@नवी_पहाट, भावाबद्दल देवाची स्तुती असो. पण हे लिहिताना ज्यांचा भाऊ चालला नाही त्यांचाही विचार व्हावा. मागून न मिळालेल्यांच्या घरात "विश्वास कमी पडला" हे वाक्य किती वर्षं घुमत राहतं ते मी पाहिलंय.

सावेडीताईंच्या हॉलमधल्या वचनाच्या आधीच्या ओळी पाहा. पौलाच्या शरीरात काटा होता. तो काढ म्हणून त्याने तीनदा विनंती केली. "माझी कृपा तुला पुरे आहे" हे त्या विनंतीचं उत्तर आहे. म्हणजे काटा निघाला नाही. आपण हे वचन केकवर लिहितो, कॅलेंडरवर छापतो, आणि ते एका नकारातून आलंय हे विसरतो. नकार देणारा सोडून गेला नाही, एवढीच त्यातली गोष्ट, आणि मला ती पुरली.

नवी_पहाट

मान्य आहे. पण पौलाने तीनदा मागितलं, शून्य वेळा नाही. मी एवढंच म्हणतोय.

एकेक_दिवस

हे मात्र अगदी खरं. तीनदा मागणं सोडू नये.

वारीचा_वाटसरू

मी ख्रिस्ती नाही, धागा वरती दिसला म्हणून वाचत बसलो आणि उठवेना. प्रामाणिक प्रश्न आहे. आमची आजी कुठल्याही गोष्टीवर "पांडुरंगाची इच्छा" म्हणायची आणि कामाला लागायची. तुमची कृपा आणि आमचं "ठेवील तसं राहावं" यात फरक काय? की एकच?

केडगाव_लाइन

@वारीचा_वाटसरू, स्वागत. तुमच्या आजीचं "कामाला लागायची" हे मला फार मोलाचं वाटतं.

फरक आणि जवळीक दोन्ही आहे. जे वाट्याला आलं ते मुकाट सोसणं म्हणजे कृपा, असं आम्ही मानत नाही. कृपा ही समोरून येते, देणारा कुणीतरी आहे, त्याने आधी प्रेम केलं, क्रूसावर किंमत दिली, आणि आपण पात्र नसताना दिली. म्हणून तिच्यावर विसंबणं हे नशिबाला शरण जाणं नाही, ओळखीच्या माणसावर भार टाकणं आहे. पण वारकरी संतही कोरडं प्रारब्ध सांगत नाहीत, ते आईला हाक मारावी तशी हाक मारतात. म्हणून तर रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणत, की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांनी अभंग सोडला नाही. आमच्या उपासनेत आजही त्यांची भजनं पेटी-तबल्यावर होतात.

सावेडी_रोड

टिळकांचं नाव निघालं म्हणून विचारते. टिळक हाती आलेले पैसे वाटून मोकळे व्हायचे आणि घर त्यांच्या पत्नीने, लक्ष्मीबाईंनी, ओढायचं, हे आपण सगळ्यांनी वाचलंय. देवावर टिळकांनी विसंबायचं आणि पिठाच्या डब्यात हात लक्ष्मीबाईंनी घालायचा, हे मला पटत नाही. घरात एकाचा विश्वास दुसऱ्याच्या पाठीवर उभा राहतो, आणि ती पाठ बहुतेक वेळा बाईची असते.

उमराळे

या प्रतिसादाला दहा टाळ्या.

केडगाव_लाइन

टिळकांवर माझी भक्ती आहे, तरी ही बाजू ताईंची खरी आहे. 1917 मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला, 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला, दोन वर्षांत गेले. त्यांच्या त्यागाबद्दल आपण खूप बोलतो. लक्ष्मीबाईंनी तो कसा निभावला यावर एखादा रविवार काढायला हवा.

हिशेबनीस

आता माझा विषय निघाला. मी चर्चचे हिशेब बघतो, म्हणून पैशाचं बोलतो.

तरुणांच्या सभेत मला दरवर्षी कुणीतरी विचारतं, विमा काढणं अविश्वास आहे का. आधार देतात मान्न्याचा, म्हणजे रानात इस्राएल लोकांना देव रोज द्यायचा त्या अन्नाचा. बायबलमधलं निर्गमचं पुस्तक, सोळावा अध्याय. उद्यासाठी ठेवलं त्यात किडे पडले. बरोबर आहे. पण तोच अध्याय पुढे वाचा. सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायला देवानेच सांगितलं, आणि ते रात्रभर ठेवलेलं नासलं नाही. म्हणजे साठवणं वाईट नव्हतं, सांगितलेलं न ऐकून धास्तीने साठवणं वाईट होतं. योसेफाने सात वर्षं धान्य साठवलं तेव्हा कुणी त्याला अविश्वासू म्हटलं नाही, सगळा मिसर देश त्यावर जगला.

आणि ज्यांचं नाव घेऊन "मागू नका, देव देईल" सांगतात त्या जॉर्ज म्यूलरचं पूर्ण उदाहरण घ्या. ब्रिस्टलचे म्यूलर. 1836 मध्ये भाड्याच्या घरात अनाथाश्रम सुरू केला, पुढे अॅशली डाउनला पाच मोठ्या इमारती झाल्या, आयुष्यात दहा हजारांहून जास्त मुलं सांभाळली. कुणाकडे पैसे मागितले नाहीत, फक्त प्रार्थना. हे सगळे सांगतात. पण त्यांनी पै-पैचा हिशेब ठेवला आणि दरवर्षी अहवाल छापला, हे कुणी सांगत नाही. त्यांना हिशेब आणि विश्वास यांत भांडण दिसलं नाही. आमच्याकडे मात्र व्हाउचर मागितलं की "भाऊ, विश्वास ठेवा" म्हणतात.

म्हणून पुन्हा सांगतो. बाई ठेवा, तिचा पगार लिहून ठेवा, तिला आठवड्याची सुट्टी द्या.

पुणे_कॅम्प

व्हाउचरचं वाचून हसू आलं. आमच्याकडचेही हिशेबनीस हेच म्हणतात.

थोडं अवांतर. जेवणाआधी ऑफिसच्या कँटीनमध्ये तुम्ही प्रार्थना करता का? मी डोळे मिटून दोन वाक्यं म्हणतो. नवीन नोकरीत पहिल्याच आठवड्यात शेजारच्या मुलीने हळूच विचारलं, "डोकं दुखतंय का? गोळी देऊ?" आता टेबलावरचे सगळे माझं आमेन होईपर्यंत डबा उघडत नाहीत. मी काही सांगितलं नव्हतं, आपणहून थांबतात.

उमराळे

आमच्या बँकेत मी क्रूसाची खूण केली की शिपाईकाका नमस्कार करतात. त्यांना वाटतं मी त्यांच्या जेवणासाठीही करते. आता खरंच करते.

वारीचा_वाटसरू

आमच्याकडे "वदनी कवळ घेता" म्हणतात, तसंच ना हे. डबा सगळ्यांचा सारखाच गार होतो.

एकेक_दिवस

हिशेबनीसांच्या मान्न्यावरून माझी गोष्ट लिहितो. नाव लिहीत नाही, कारण आमच्या संगतीत नाव लिहीत नाहीत.

मी दारू सोडलेला माणूस आहे. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची आमची सभा एका चर्चच्या हॉलमध्ये भरते, पण तिथे सगळ्या धर्मांचे आणि कुठलाच धर्म न मानणारेही येतात. 1935 मध्ये अमेरिकेत अॅक्रनला दोन दारुड्यांनी हे सुरू केलं. तिथे पहिलीच पायरी अशी, की माझ्या ताकदीने हे होत नाही हे कबूल करायचं. मी लहानपणापासून चर्चमध्ये ऐकत आलो होतो की माणूस स्वतःच्या बळावर तरत नाही. पण ते खरं आहे हे मला त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर कळलं.

तिथे कुणी "जन्मभर पिणार नाही" अशी शपथ घेत नाही. फक्त आज. आजच्यापुरती मदत मागायची. रेशनसारखी ती रोजच्या रोज मिळते, पुढच्या महिन्याची आधी उचलता येत नाही. ताई विचारतात साडेसहाला काय करायचं, तर मी काय करतो ते सांगतो. गुडघे टेकतो, म्हणतो, "आज माझ्याकडून होणार नाही, तू कर." मग आंघोळ करतो आणि संध्याकाळी सभेला जातो. सभेला जाणं टाळून नुसते गुडघे टेकलेले लोक मी परत गुत्त्यावर बघितलेत. आणि गुडघे न टेकता नुसत्या सभा करणारेही फार दिवस टिकलेले बघितले नाहीत. हा माझ्यापुरता अनुभव, नियम नाही.

चिडण्याचं म्हणाल तर, चिडलो की लगेच, त्या मिनिटाला, देवाकडे वळायचं. संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत अपराध सांभाळत बसायचं नाही. अपराधाचं ओझं घेऊन माणूस दुसऱ्यांदा जास्त चिडतो.

केडगाव_लाइन

@एकेक_दिवस, तुमच्या शेवटच्या मुद्द्यावर ब्रदर लॉरेन्स आठवले. सतराव्या शतकातले पॅरिसच्या कार्मेल मठातले आचारी. आधी सैनिक होते, लढाईत जखमी झालेले. मठात त्यांनी वर्षानुवर्षं स्वयंपाकघर सांभाळलं, आणि ते काम त्यांना मुळात आवडत नव्हतं. चूक झाली की ते देवाला म्हणत, तू मला एकटं सोडलंस तर मी याहून वेगळं काही करणारच नाही, तूच सावर. आणि मग त्या चुकीचा विचार सोडून पुन्हा कामाला. प्रार्थनेची वेळ आणि भांड्यांची वेळ अशा त्यांच्या दोन वेळा नव्हत्या. पोळपाटापाशी उभं राहणाऱ्या माणसाला मला वाटतं याहून जवळचा गुरू नाही.

मिरजेची_सिस्टर

उशिरा आले, रात्रपाळी होती. सगळं वाचलं. मी नर्स आहे, मिरजेला शिकले, आता निवृत्तीला आलेय. सावेडीताई, आधी थोडं नर्स म्हणून लिहिते.

रात्री कूस दोन तासांनी बदलायची असं धरून चाला. सरळ पाठीवर किंवा पूर्ण कुशीवर नको, पाठीमागे उशी लावून थोडं कलतं ठेवा, मग माकडहाडावर भार येत नाही. ओढू नका, खाली दुमडलेली चादर घालून दोघांनी उचलून सरकवा. ओढल्याने कातडी घासून जाते, ते वरून दिसत नाही. पोटरीखाली उशी द्या म्हणजे टाच अधांतरी राहील. रोज अंग पुसताना टाचा, कंबर, खुबा उजेडात बघा. लाल डाग बोटाने दाबून सोडल्यावर पांढरा झाला नाही, लालच राहिला, तर तो धोक्याचा. तिथे चोळू नका, तेल रगडू नका, तिथला भार काढा आणि डॉक्टरांना दाखवा. हवेची गादी मिळाली तर घ्या, पण ती आहे म्हणून कूस बदलणं थांबवू नका. पक्षाघात झालेल्या हाताला धरून कधीच उठवू नका, खांदा उतरतो.

आता विश्वासाचं. एकटीने रोज रात्री हे करणं माणसाच्या शरीराला झेपत नाही. हॉस्पिटलात आम्ही पाळ्या लावतो ते आम्हाला प्रेम कमी आहे म्हणून नाही. निर्गमच्या अठराव्या अध्यायात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करत बसला होता. त्याच्या सासऱ्याने, इथ्रोने, बघितलं आणि सांगितलं की हे बरं नाही, तू झिजून जाशील, माणसं नेम. मोशेने ऐकलं. देवाशी समोरासमोर बोलणारा माणूस, त्याला मदतनीस लागले. आणि एलिया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा जेवू घातलं.

त्या ज्येष्ठ बाईंना माझा नमस्कार सांगा आणि विचारा, मंगळवारी रात्री त्या येतील का. येणार असतील तर ब्यूरोची बाई मंगळवारी नको.

हिशेबनीस

सिस्टर, हा शेवटचा परिच्छेद मी मंडळीच्या नोटीस बोर्डावर लावू का?

मिरजेची_सिस्टर

लावा. टाचेचाही लावा.

पुणे_कॅम्प

एक गोष्ट राहून जातेय म्हणून लिहितो. दुसऱ्या टोकाचीही माणसं आहेत. "कृपा आहे ना, देव क्षमा करतोच" म्हणून वाटेल तसं वागणारी. बायकोला बोलणारा, कामगाराचे पैसे बुडवणारा, आणि रविवारी हात वर करून गाणारा. रोमकरांच्या सहाव्या अध्यायात पौल विचारतो, कृपा वाढावी म्हणून पापात राहायचं का? आणि लगेच म्हणतो, कधीच नाही. सावेडीताईंना याची गरज नाही, पण धागा सगळेच वाचतात.

उमराळे

बरोबर. आणि "कृपा" म्हणून गाडी-बंगल्याच्या साक्षी सांगणारेही. ज्याला गाडी नाही त्याच्यावर कृपा नाही की काय? नाझरेथच्या सुताराच्या घरात काय होतं?

नवी_पहाट

आमच्याकडे अशा साक्षी होतात, लपवत नाही. पण मी स्वतः पास्टरांशी यावर बोललोय. ज्यांना मिळालं नाही त्यांनाही पुढे येऊन बोलू द्या, असं म्हटलं. मागच्या महिन्यात एका विधवा ताईंनी साक्ष दिली. काहीही मिळाल्याची नव्हती, देव सोबत असल्याची होती. हॉलमध्ये बरेच जण रडत होते.

सावेडी_रोड

सगळ्यांचे आभार. दोन-तीन रात्री तुकड्यातुकड्याने वाचलं, एकदा यजमानांना फोनवर वाचूनही दाखवलं. सिस्टरांचं वाचून त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "टाचा कशा आहेत?" टाचा बघितल्या. डाव्या टाचेवर लाल आहे, दाबलं की पांढरं होतं, म्हणजे वेळेत कळलं. पोटरीखाली उशी दिलीय.

ब्यूरोची बाई सोमवारपासून येतेय, आठवड्यात पाच रात्री. शनिवार यजमानांचा, आता तो त्यांनी मागून घेतलाय. उरलेल्या एका रात्री मीच. महिला मंडळातल्या बाईंना सिस्टरांचा निरोप दिला. त्या गप्प बसल्या, मग म्हणाल्या मंगळवार नाही जमणार, पण गुरुवारी संध्याकाळी येऊन बसते, तू फिरून ये. मला राग धरायचा नव्हता, आता धरायचं कारणही उरलं नाही.

साडेसहाचं उमराळेताईंच्या आईंचं घेतलंय. पाय टेकायच्या आधी दोन वाक्यं. ओरडणं थांबलं असं लिहिणार नाही, पण ओरडल्यावर लगेच, ओट्यापाशीच, एकेक_दिवस म्हणाले तसं वळते. मुलाला सॉरीही तिथेच म्हणते. काल त्याने विचारलं, "आई, देवाशी बोलून झालं का? मग डबा दे."

नवी_पहाट, सासूबाईंसाठी प्रार्थना थांबवू नका. मीही मागतेय, तीनदाच्या पुढे गेले तरी.

नवी_पहाट

थांबवणार नाही. शुक्रवारच्या रात्रीच्या प्रार्थनेत नाव घेतो. बाई येते म्हणून विनंती मागे घेतलेली नाही हे बरं केलंत.

मिरजेची_सिस्टर

बाईला पहिल्या रात्री तुम्ही स्वतः कूस बदलून दाखवा, चादरीने उचलायचं हेही. आणि सासूबाईंना तिचं नाव सांगून ओळख करून द्या, बोलता येत नसलं तरी ऐकू येतं. डाव्या टाचेचं दोन दिवसांनी कळवा.